जुनी पोर्श ९११ टर्बो आणि नवी हॉट हॅचबॅक: आकडे सारखे, मग फरक कुठे?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने मला एक रील पाठवलं. एका बाजूला १९७५ च्या काळातली पोर्श ९११ टर्बो, दुसऱ्या बाजूला टोयोटाची छोटी जीआर यारिस. खाली मेसेज होता, "दादा, ही यारिस पोर्शला टक्कर देते म्हणे. खरंय का, की नुसतं एडिटिंग आहे?"

खरा प्रश्न पुढच्या मेसेजमध्ये होता. तो सेकंड हँड पोलो बघतोय. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलंय की लॅपटॉप लावून अर्ध्या तासात गाडीची पॉवर वाढवून देतो. "करून घेऊ का?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत: गेल्या ५० वर्षांत वेगवान गाड्यांमध्ये नेमकं काय बदललं. म्हणून हा लेख.

हॉट हॅचबॅक म्हणजे काय?

साधी, रोजच्या वापराची हॅचबॅक घ्यायची, तिच्यात जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं, ब्रेक आणि सस्पेन्शन त्याला साजेसे करायचे. बसायला चार माणसं, मागे सामानाला जागा आणि हायवेवर स्पोर्ट्स कारची मजा. ही कल्पना जगभर नेली ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये ती दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस ताकद (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर), वजन जेमतेम ८१० किलो आणि टॉप स्पीड ताशी १८२ किमी. कंपनीला वाटलं होतं ५,००० गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्याच ४ लाख ६० हजारांहून जास्त खपल्या. पुढे १९८४ मध्ये प्यूजो २०५ जीटीआय आली आणि युरोपात हा प्रकार घरोघरी पोहोचला.

आता एक गंमत बघा. आपल्या चाकणला बनलेल्या शेवटच्या काही वर्षांतल्या पोलोमध्ये १.० लिटरचं, तीन सिलिंडरचं टीएसआय इंजिन होतं. त्याची ताकद किती? बरोबर ११० पीएस. म्हणजे १९७६ मध्ये ज्या आकड्यावर युरोप फिदा झाला होता, तो आकडा २०२० मध्ये पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लासला जाणाऱ्या गाडीत होता. टॉर्क तर पोलोचा जास्तच, १७५ न्यूटन मीटर, आणि तोही १,७५० आरपीएमपासूनच. जुन्या गोल्फला साधारण १४० न्यूटन मीटरसाठी ५,००० आरपीएमपर्यंत जावं लागायचं.

रीलमधल्या दोन गाड्या

आधी आकडे समोर ठेवूया.

पोर्श ९११ टर्बो (१९७५, कंपनीचं अंतर्गत नाव ९३०)
– ३.० लिटर, ६ सिलिंडर, एक टर्बो, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे
– २६० पीएस, ३४३ न्यूटन मीटर
– ४ गिअर, ताकद फक्त मागच्या चाकांना
– वजन साधारण १,१४० किलो
– ० ते १०० किमी: ५.५ सेकंद, टॉप स्पीड ताशी २५० किमी

टोयोटा जीआर यारिस (२०२०, युरोपातलं मॉडेल)
– १.६ लिटर, ३ सिलिंडर, एक टर्बो, इंजिन पुढे
– २६१ पीएस, ३६० न्यूटन मीटर
– ६ गिअर, ताकद चारही चाकांना
– वजन साधारण १,२८० किलो
– ० ते १०० किमी: ५.५ सेकंद, टॉप स्पीड ताशी २३० किमीवर रोखलेला

म्हणजे रील खोटं नव्हतं. कंपन्यांनीच दिलेले हे आकडे आहेत. पण नीट बघितलं तर एक कोडं दिसतं. ताकद सारखी, पोर्श १४० किलोंनी हलकी, तरी ० ते १०० चा वेळ सारखाच. असं कसं?

ताकद किती, यापेक्षा ती कधी मिळते

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त.

अडचण अशी की कमी आरपीएमवर धूरच कमी असतो, त्यामुळे पंखा आळसावलेला असतो. तुम्ही पाय दाबता, काहीच होत नाही, मग अचानक धक्का बसावा तशी ताकद येते. याला टर्बो लॅग म्हणतात. जुन्या ९११ टर्बोची ओळखच ही होती.

त्यात दुसरा मुद्दा कॉम्प्रेशन रेशोचा. कोंबलेली हवा गरम असते. ती जास्त दाबली तर पेट्रोलचं मिश्रण चुकीच्या वेळी आपोआप पेट घेतं. याला नॉकिंग म्हणतात आणि त्याने इंजिन फुटू शकतं. म्हणून पोर्शने कॉम्प्रेशन रेशो फक्त ६.५ ठेवला होता. इंजिन सुरक्षित राहिलं, पण टर्बो जागा होईपर्यंत ते मरगळलेलंच.

यारिसमध्ये हा रेशो १०.५ आहे. हे कसं जमलं? पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे आतली हवा थंड होते. टर्बोतून आलेली हवा इंटरकूलरमधून जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नॉक सेन्सर. हा इंजिनाचा आवाज सतत ऐकत असतो. गडबडीची चाहूल लागली की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, लगेच ठिणगीची वेळ मागे घेतो. १९७५ च्या पोर्शमध्ये आणि १९७६ च्या गोल्फमध्येही इंधन मोजणारी यंत्रणा मेकॅनिकल होती, बॉशची के-जेट्रॉनिक. सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून सांगतो, तिथे सॉफ्टवेअरची एक ओळही नव्हती.

लिटरमागे हिशोब केला तर पोर्शचं इंजिन साधारण ८७ पीएस देतं, यारिसचं साधारण १६१. जवळपास दुप्पट.

आता कोड्याचं उत्तर. यारिस सुटताना चारही चाकांनी रस्ता पकडते, टॉर्क लवकर मिळतो आणि गिअर सहा असल्यामुळे इंजिन सतत ताकदीच्या टप्प्यात राहतं. पोर्शकडे हलकेपणा आहे, पण चार लांब गिअर आहेत आणि टर्बोची वाट बघावी लागते.

वळणावर काय होतं?

सरळ रस्त्यावर बरोबरी झाली, पण खरी परीक्षा वळणावर. जुन्या ९११ चं जड इंजिन शेपटीकडे. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून फिरते. वळणाच्या मध्येच टर्बो जागा झाला तरी तेच. या स्वभावामुळे तिला इंग्रजीत नवऱ्यांचा जीव घेणारी, अशा अर्थाचं टोपणनाव पडलं होतं. एबीएस नाही, ईएससी नाही. सगळा भार ड्रायव्हरच्या हातापायांवर.

नवीन हॉट हॅचबॅकमध्ये एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. ईएससी प्रत्येक चाकाचा वेग आणि गाडी किती फिरतेय हे सतत मोजतं आणि गरज पडली तर एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणं माणसाला शक्यच नाही, पेडल एकच असतं.

टायरचं श्रेयही विसरू नका. उदाहरण घ्या. निसान स्कायलाइन जीटीआर आर३३ ने नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं ५९ सेकंदांची वेळ दिली, तेव्हा ती मोठी बातमी होती. २.६ लिटर, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. २०१७ मध्ये होंडा सिव्हिक टाइप आरने, फक्त पुढच्या चाकांना ताकद असलेल्या पाच दरवाजांच्या हॅचबॅकने, तिथेच ७ मिनिटं ४३.८ सेकंद घेतले. इंजिन बदललंच, पण टायरचं रबर, सस्पेन्शन आणि डिफरन्शियल यांचाही यात मोठा वाटा आहे.

मग जुन्या गाड्यांवर लोक जीव का टाकतात?

कारण आकड्यात न मावणाऱ्या काही गोष्टी आहेत. १९९७ च्या पहिल्या सिव्हिक टाइप आरकडे बघा. टर्बो नाही, १.६ लिटरमधून १८५ पीएस, पण ८,२०० आरपीएमला. तिच्या व्हीटेक यंत्रणेत वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो आणि इंजिनाचा आवाज अक्षरशः दुसरा होतो. ताकद तुम्हाला कमवावी लागते. नवीन टर्बो गाडीत ती आयती मिळते. काही गोल्फ जीटीआयमध्ये तर इंजिनाचा रुबाबदार आवाज केबिनमध्ये पोहोचवायला वेगळं उपकरण बसवलेलं असतं!

जुनी गाडी वेग जाणवून देते. स्टिअरिंग थरथरतं, वारा आवाज करतो, ८० ला सुद्धा पोटात गोळा येतो. नवीन गाडी हे सगळं लपवते. मजा कमी होते हा एक भाग. माझ्या दृष्टीने मोठा मुद्दा सुरक्षेचा आहे.

गेल्या वर्षी मित्राची नवी टर्बो पेट्रोल हॅचबॅक मी एक्सप्रेसवेवर चालवत होतो. गाणी चालू, गप्पा चालू. मला वाटत होतं आपण ९० ला असू. काट्याकडे बघितलं तर ११८. मर्यादा १०० ची. काही झालं नाही, पण घरी आल्यावर मी हिशोब केला.

कोरडा रस्ता, उत्तम टायर, प्रतिक्रियेला एक सेकंद धरला तर:
– ताशी १०० किमीवरून थांबायला साधारण ६७ मीटर (२८ मीटर प्रतिक्रियेत, ३९ मीटर ब्रेकमध्ये)
– ताशी १२० किमीवरून साधारण ९० मीटर (३३ आणि ५७ मीटर)

२३ मीटर म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण असं बघा: १०० वाली गाडी जिथे पूर्ण थांबते, त्याच जागी १२० वाली अजून ताशी ७५ किमीच्या आसपास असते. वेग २० टक्क्यांनी वाढला, पण थांबवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली, कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. हे गणित १९७५ मध्ये होतं तेच आजही आहे. त्याला कुठलाच अपडेट येत नाही.

रिमॅप करावं का?

आता भावाचा दुसरा प्रश्न. रिमॅप म्हणजे ईसीयूमधले तक्ते बदलणं: टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी. बटण दाबून ताकद वाढते हे खरं आहे. पण ती कुठून येते?

कंपनी हे तक्ते बनवताना हातचं राखून ठेवते. मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन, घाटाची चढण, कुठल्यातरी पंपावरचं हलकं पेट्रोल, वेळेवर न बदललेलं ऑइल, या सगळ्यात इंजिन टिकलं पाहिजे म्हणून. रिमॅप ही राखीव शिल्लक खर्च करतं. शिवाय क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्या ताकदीसाठीच बनलेले असतात. ते लॅपटॉपमधून बदलत नाहीत.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. वॉरंटी असेल तर ती जाऊ शकते आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. सेकंड हँड घेतानाही विचारा, आधीच्या मालकाने रिमॅप केलं होतं का? गाडीचा आधीचा सर्व्हिस रेकॉर्ड बघा आणि ईसीयू ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या.

थोडक्यात

नवीन हॉट हॅचबॅक वेगवान, सुरक्षित आणि रोज वापरण्यासारखी आहे. जुनी गाडी हलकी, बोलकी आणि चूक माफ न करणारी. शर्यत लावायची तर नवी, ड्रायव्हिंग शिकायचं तर जुनीकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

भावाला मी लिहिलं, "पोलो घे. तिची ताकद पहिल्या जीटीआयइतकीच आहे, तेवढी पुरे. रिमॅपला ठेवलेल्या पैशात चार चांगले टायर आणि नवे ब्रेक पॅड टाक. आणि दर दोन मिनिटांनी काट्याकडे बघ."

त्याने अंगठा पाठवला. या रविवारी आम्ही दोघं गाडी बघायला जातोय.