१४ एप्रिल १९४४ : मुंबई गोदीतला स्फोट आणि जपानी बॉम्बची आवई
गणपतीपुळे, १४ एप्रिल : १९४४ साली आजच्याच दिवशी, शुक्रवारी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, शिवाय कापसाच्या गाठी. दुपारी चारनंतर पहिला आणि अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले.

जपान्यांनी बॉम्ब टाकले, अशी आवई शहरात उठली. दुसरे महायुद्ध चालू होते आणि कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडून गेले होते. लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नाही. सरकारने बातमी दाबली. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी ती सविस्तर दिली, तर इथल्या पत्रकारांना तपशील पाठवायची परवानगी मिळायला मे उजाडला. शत्रूकडून खरी बातमी, घरात अफवा! मृतांचा आकडा आजही कुठे ८००, तर कुठे १,३०० वाचायला मिळतो. सैनिकांची नोंद असते. रोजंदारीवरच्या हमालाची कोण ठेवणार?

मुंबईच्या गोदीत कोकणातली माणसे मोठ्या संख्येने राबत. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड परिसरात कुणाच्या घरी त्या दिवसांची पत्रे किंवा कागद असतील, तर जपून ठेवा. आजोबांची आठवण लिहून काढताना त्यांनी स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले वेगवेगळे नोंदवा.