वाण्याची वही

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, तहनामे आणि राजवंशांच्या याद्या उभ्या राहतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इतिहास असूं शकेल, ही कल्पनाच पुष्कळांना थोडी हास्यास्पद वाटेल. परंतु श्रोतेहो, ज्या दुकानांत आपल्या घरचें कोणी ना कोणी दिवसांतून एकदां तरी जाऊन येतें, त्याच्या भाषेकडेच आधीं पाहा. 'किराणा' हा शब्द 'क्रयाणक' या जुन्या शब्दापासून आला. त्याचा अर्थ विकावयाचा माल, एवढाच. 'उधार' हा संस्कृतांतील 'उद्धारा'चा वंशज. उलट 'दुकान', 'जमा', 'खर्च', 'बाकी' हे शब्द अरबी-फारसीकडून आलेले. 'गल्ला' म्हणजे मुळांत धान्य. पुढें विक्रीचा पैसा ज्या पेटींत पडे, ती पेटीच गल्ला झाली. दोन भाषा एकाच फळीवर इतक्या वर्षांपासून शेजारीं बसल्या आहेत आणि गिऱ्हाइकाला त्याची वार्ताहि नाहीं.

आज मी ज्या ठिकाणाला धरून बोलणार आहें, तें रायगड जिल्ह्यांतील करंजाडे, पनवेलच्या अगदीं लगतचें. पनवेल हें जुनें बंदर. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हां मुंबईहून पुण्यास जाणारें माणूस आणि माल खाडीनें पनवेलपर्यंत येई व तेथून गाडीनें घाट चढे. १८५२ सालींच येथें नगरपालिका झाली, यावरून गांवाची ऐपत कळावी. १८६३ सालीं आगगाडी घाट चढली, ती मात्र कर्जतवरून; थोर रहदारी गेली, पण भोंवतालच्या खेड्यांचा बाजार पनवेलच राहिला.

त्या खेड्यांतल्या आगरी शेतकऱ्याची वाण्याकडची यादी फार लहान असे. भात घरचें, मासळी खाडीची, मीठ जवळच्या मिठागरांतलें. दुकानांतून आणावयाचें तें तेल, गूळ, मसाला, घासलेट, आगपेटी. पुष्कळदां हा सौदा पैशांत नसून भातांतच होई. चार शेरांची पायली. मोजणारा 'एक' म्हणत नसे, 'लाभ, दोन, तीन' असें म्हणत असे. माप घेतांना शीग लावून आणि देतांना सपाट, हा वाण्यावरचा जुना आरोप. तो सर्वस्वीं खोटा नसावा.

परंतु मापाहून मोठी वस्तु होती वही. पीक हातीं येईपर्यंतची उधारी तींत चढे, व्याजहि तींतच चढे, आणि ती वाचतां येणारा मनुष्य बहुधा एकच, तो म्हणजे लिहिणारा. या वहीचें सामर्थ्य किती, हें पाहावयाचें तर क्षणभर घाटावर जावें लागेल. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांचा जमाव सावकार-दुकानदारांवर चालून गेला, आणि तो वणवा आसपासच्या गांवांत पसरला. लोकांचा खरा रोख खतें आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. जेथें कागद मुकाट्यानें हवालीं झाले, तेथें जमाव बहुधा तसाच परतला. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. कुळानें मागितल्यास त्याला पावती, हिशेब आणि त्याच्याजवळ राहणारी हिशेबाची वही दिली पाहिजे, अशी त्यांत तरतूद होती. या कायद्याच्या इतर कलमांवर पंडितांनी पुष्कळ वाद घातले. मला हें लहानसें कलमच सर्वांत शहाणपणाचें वाटतें. एकाची वही ही सत्ता असते. दोघांपाशीं वह्या असल्या म्हणजे तो व्यवहार होतो.

करंजाड्याकडे परत येऊं. १९५७ सालीं आणे गेले, नवे पैसे आले. मागोमाग शेर जाऊन किलो आला. तरी आजहि मिरची मागतांना कित्येकांच्या तोंडून 'पावशेर' असेंच निघतें आणि दुकानदार निमूटपणें अडीचशें ग्राम तोलतो. खरी उलथापालथ मापाची नव्हे, जमिनीची झाली. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठीं ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत शेतकऱ्यांचें आंदोलन झालें, गोळीबारांत पांच जण बळी पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पुढें विमानतळासाठीं जीं गांवें उठलीं, त्यांतील कित्येक कुटुंबांना करंजाडे-वडघरच्या बाजूस जागा मिळाल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें.

या सर्व घडामोडींचा हिशेब वाण्याच्या यादींत सांपडतो. जीं घरें पिढ्यान् पिढ्या भात विकीत आलीं, तीं तांदूळ विकत घेऊं लागलीं. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यांत, चरी येथें, १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनी संप करून सुमारें सहा वर्षें जमिनी पडीक ठेविल्या होत्या. पण ती निवड त्यांची स्वतःची होती, आणि जमीन जागेवर होती. येथें जमीनच गेली. मोबदल्याचा पैसा एकदां येतो. तांदूळ दरमहा लागतो.

आणि तो मिळतो इमारतीच्या तळमजल्यावरील एखाद्या लहानशा गाळ्यांत. गिऱ्हाईक देशावरचें, कोंकणांतलें, उत्तरेकडचें; दुकानदारहि पुष्कळदां बाहेरून आलेला. कोणाच्या बापजाद्यांची कोणास माहिती नाहीं, तरी उधारी चालते. ती कशाच्या भरंवशावर? घर मालकीचें कीं भाड्याचें, पगार कोणत्या तारखेस होतो, मुलें कोणत्या शाळेंत जातात, एवढ्या चौकशीवर. पेढी जें कागदपत्रांनी विचारते, तें हा माणूस चहापत्ती बांधतां बांधतां विचारून घेतो. त्याला मोठें म्हणण्याचें कारण नाहीं. त्याचें स्वतःचेंहि घाऊक व्यापाऱ्याकडे खातें असतें, आणि दोन-चार बिऱ्हाडें बाकी ठेवून निघून गेलीं तर त्याचा महिन्याचा नफा संपतो.

२०१६ सालीं यूपीआय आलें, आणि आतां फळीवरचा लहानसा डबा जमा झालेली रक्कम मोठ्यानें पुकारतो. उधारी मात्र अजून हळू आवाजांतच सांगितली जाते. कांहीं घरांत तिची दुसरी वही असते, मुलांच्या शाळेच्या जुन्या वहीचीं उरलेलीं पानें शिवून केलेली. पगाराच्या दिवशीं दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं उघडतात. साबण एक कीं दोन, यावर थोडा वाद होतो. मग दुकानदार त्या पानावर आडवी रेघ मारतो आणि नव्या महिन्याचें पहिलें नांव लिहितो, बहुधा तांदूळ.