परिचारिकेचा पगार : शालेय आरोग्यसेवेच्या इतिहासातील एक प्रकरण



या व्याख्यानमालेत राजांचा, ग्रंथांचा आणि संस्थांचा इतिहास आपण अनेकदा ऐकला आहे. आज मी एका पगाराचा इतिहास सांगणार आहे. प्राथमिक शाळेत नेमलेल्या परिचारिकेचा हा पगार. विषय किरकोळ वाटेल. परंतु शाळेच्या जमाखर्चात मास्तरांचे वेतन, शिपायाचे वेतन, खडू-फळ्याचा खर्च ही सारी कलमे निःशंकपणे बसतात. परिचारिकेच्या वेतनाचा आकडा मात्र कोणत्या सदराखाली घालावा, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे निरनिराळ्या देशांत पुनःपुन्हा पडत आला आहे. शिक्षणखाते म्हणते की हा आरोग्याचा विषय आहे. आरोग्यखाते म्हणते की मुले तुमच्या वर्गात बसतात. या दोन दारांच्या मधल्या ओसरीवर परिचारिका उभी असते.

प्रारंभ लंडनचा. १८९२ साली ॲमी ह्यूज या परिचारिकेने ड्रुरी लेनजवळच्या एका गरीब वस्तीतील शाळेत जाऊन मुलांच्या जखमा, गळवे, डोळ्यांचे विकार पाहण्यास सुरुवात केली. पुढे १८९८ साली देणग्यांवर चालणारी एक संस्था या कामासाठी स्थापन झाली आणि १९०४ पासून लंडन कौंटी कौन्सिलने स्वतःच्या परिचारिका नेमल्या. म्हणजे बारा वर्षे हे काम धर्मादायाच्या बळावर चालले. धर्मादाय किती काळ चालवायचा आणि सरकारी तिजोरीचे दार केव्हा ठोठवायचे, हे त्या बारा वर्षांत कोणी आधीपासून ठरविलेले नव्हते. तेवढ्याचसाठी न्यूयॉर्कची हकीकत मला अधिक बोधक वाटते. तेथे ते आधी ठरले होते.

न्यूयॉर्कच्या पूर्व भागात, पूर्व व दक्षिण युरोपातून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या दाटीत, लिलियन वॉल्ड या प्रशिक्षित परिचारिकेने १८९३ साली आपले सेवाकेंद्र उभारले. पुढे ते हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या नावाने प्रसिद्ध झाले. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, असा तेथील परिपाठ होता. याच फेऱ्यांत वॉल्डबाईंना बारा वर्षांचा एक मुलगा भेटला. त्याला अक्षरओळख नव्हती. कारण विचारता कळले, की डोक्यावरच्या इसबामुळे तो शाळेत गेला की बाई त्याला घरी पाठवीत. घरी पाठविल्यावर पुढे काय करायचे हे त्याच्या आईला कोणी सांगितले नव्हते. वॉल्डबाईंनी मलम लावले, डोके बरे झाले आणि मुलगा वर्गात बसू लागला. एका मलमाच्या डबीअभावी त्याची शाळेची कित्येक वर्षे गेली होती.

त्या शहरात शाळांची डॉक्टरी तपासणी नव्हती असे मात्र नाही. १८९७ पासून दीडशे डॉक्टर दरमहा ३० डॉलर मानधनावर रोज तासभर शाळांतून फिरत. संसर्ग दिसला की मुलाला वर्गाबाहेर काढायचे, हे त्यांचे काम. १९०२ साली शहराच्या आरोग्य खात्याने ही तपासणी कडक केली आणि मग व्यवस्थेतला दोष उघडा पडला. खुपऱ्या, नायटा, खरूज, उवा यांसाठी मुले हजारोंनी घरी जाऊ लागली. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची, मुलाने ती घरी न्यायची. आईला बहुधा इंग्रजी वाचता येत नसे आणि वाचता आली तरी औषधाला पैसा नसे. मूल रस्त्यावर हुंदडे आणि शाळेतल्या त्याच सोबत्यांशी संध्याकाळी खेळे. संसर्ग थांबला नाही, शाळा मात्र थांबली. रोग शोधण्यावर पैसा खर्चणारी आणि बरा करण्यावर एक छदामही न खर्चणारी अशी ती योजना होती. पुढे मी जे सांगणार आहे त्यात या योजनेचे भाऊबंद वारंवार भेटतील.

वॉल्डबाईंनी महापालिकेपुढे प्रस्ताव ठेवला, की आम्ही एक परिचारिका महिनाभर देतो, पगार आमचा. परंतु देण्यापूर्वी त्यांनी अधिकाऱ्यांकडून एक वचन घेतले. प्रयोग यशस्वी झाल्यास डॉक्टरप्रमाणे परिचारिकेचाही पगार सार्वजनिक निधीतून मिळावा यासाठी त्यांनी आपले वजन खर्च करावे, असे ते वचन. या अटीकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष जात नाही; सेवाभावाचे वर्णन करताना लेखण्या सैल सुटतात आणि व्यवहार मागे पडतो. माझ्या मते मात्र त्या बाईंची खरी दूरदृष्टी या अटीत आहे. ज्या देणगीला शेवट नाही, ती घेणाऱ्याला कधीच आपल्या अंदाजपत्रकात जागा करावी लागत नाही.

ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेकडे चार शाळा सोपविण्यात आल्या. पटावर सुमारे १०,००० मुले. त्यांची पद्धत साधी होती. डॉक्टर निदान करी. किरकोळ विकारांवर त्या शाळेतच औषध लावीत, पट्टी बांधीत आणि मुलाला परत वर्गात पाठवीत. ज्याला खरोखर घरी ठेवणे भाग असे त्याच्या घरी शाळा सुटल्यावर त्या स्वतः जात. केस कसे विंचरावेत, डोळे कशाने धुवावेत, दवाखाना कोठे आहे, हे आईला दाखवून देत आणि मूल शाळेत परतले की नाही हे पाहत. चिठ्ठी आणि आई यांच्यामधले अंतर त्या पायी तुडवीत होत्या, एवढेच त्यांच्या कामाचे सार.

महिन्याभरात काम पटले. डिसेंबरपर्यंत आणखी परिचारिका आल्या आणि महापालिकेच्या अर्थमंडळाने परिचारिकांसाठी ३०,००० डॉलरची तरतूद केली. सप्टेंबर १९०२ मध्ये वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ झाली. तपासणी तीच आणि मुलेही त्याच वस्तीतली. रोग वर्षभरात नाहीसे झाले नव्हते. ते असलेल्या मुलाला शाळा आता सामावून घेऊ शकत होती.

इंग्लंडकडे पुन्हा वळू. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेल्या तरुणांची शरीरे पाहून राज्यकर्ते हादरले, १९०४ साली शारीरिक ऱ्हासाविषयी चौकशी समितीचा अहवाल आला आणि १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची तपासणी स्थानिक संस्थांना बंधनकारक केली. उपचार मात्र ऐच्छिक ठेवले. १९०९ साली तर उपचाराचा खर्च पालकांकडून वसूल करण्याची तरतूद झाली. किडके दात आणि अधू डोळे यांच्या याद्या तयार होऊ लागल्या. त्या याद्यांचे करायचे काय, हे विचारणाऱ्या मार्गारेट मॅकमिलन यांना लंडनच्या बो भागात १९०८ साली आपला दवाखाना एका अमेरिकन साबण-कारखानदाराच्या, जोसेफ फेल्स याच्या, पैशावर उघडावा लागला. मोफत उपचाराची जबाबदारी कायद्याने पूर्णपणे पत्करली ती १९४४ साली. पुढे १९७४ मध्ये तेथील शालेय आरोग्यसेवा राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे गेली आणि २०१३ मध्ये शालेय परिचारिकांची जबाबदारी पुन्हा स्थानिक संस्थांकडे आली. ओसरीवरून इकडे आणि तिकडे.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. श्रोत्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल, की हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती बडोदे शहरात, १९०९ साली. आपण हे अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. परंतु या घटनेची जोड एका दुसऱ्या तारखेशी घातली तर तिचा अर्थ अधिक उलगडतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती सर्व राज्यास लागू केली. मूल शाळेत यायलाच हवे असे सरकार म्हणू लागले, की त्या मुलाच्या देहाची काही जबाबदारी सरकारवर येते. शेजारच्या मुलाची खरूज आपल्या मुलाला लागली तर पालकाने दाद कोणाकडे मागावी? इंग्लंडात हजेरीची सक्ती १८८० साली सार्वत्रिक झाली आणि तपासणी १९०७ साली आली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. बडोद्याला तीन वर्षे पुरली. एका देशी संस्थानाने साम्राज्याच्या राजधानीपेक्षा ही सांगड लवकर घातली, हे नमूद करताना इतिहासकाराने संकोच करण्याचे कारण नाही.

तथापि बडोद्याने उचललेले पाऊल तपासणीचे होते. न्यूयॉर्कने १९०२ मध्ये जोडलेला दुसरा दुवा, म्हणजे घरी जाणारी परिचारिका, आपल्या देशात आलाच नाही म्हटले तरी चालेल. याला केवळ अनास्था जबाबदार नव्हती. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात जे आकडे दिले ते पाहावेत. देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका, ज्यांना तेव्हा हेल्थ व्हिजिटर म्हणत, त्यांचे प्रमाण चार लाखांमागे एक. जगात इतरत्र डॉक्टरांहून परिचारिका अधिक असतात. आपल्याकडे चित्र उलटे होते. जातिभेदाची शिवाशिव, मुलींच्या शिक्षणाची तोकडी मर्यादा, विधवा अगर परित्यक्ता स्त्रीनेच हा पेशा पत्करावा हा समज आणि पगाराचे दारिद्र्य, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली होती. इस्पितळांनाच परिचारिका मिळत नव्हत्या, तेथे शाळांना कोठून मिळणार? शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे याच समितीने नोंदविले. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने खास या विषयासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९६१ साली आला. अहवाल आले, पगाराचे कलम आले नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाला प्रारंभ झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे चौघे असतात. सरकारी व अनुदानित शाळेत ते वर्षातून एकदा येतात. जन्मजात हृदयदोष, दुभंगलेला ओठ, मंद दृष्टी अशा कितीतरी गोष्टी या पथकांमुळे वेळेवर उघडकीस येऊन मुलांवर उपचार झाले आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही पथक निघून गेल्यावर वर्षाचे उरलेले दिवस शाळेत परिचारिका नसते. २०२० पासूनच्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची कल्पना आहे. निवडणूक, जनगणना आणि आता आरोग्य! मास्तरांच्या पाठीवर आणखी एक गोणी, असे माझ्यातला जुना शिक्षक म्हणतो; पण ते असो.

श्रीमंत देशांत तरी हा प्रश्न सुटला आहे काय? अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सर्वसामान्य शाळेचे दार उघडले आणि त्यांना लागणाऱ्या जादा खर्चाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भार केंद्र उचलील असे आश्वासन दिले. ते आजवर कधीही पुरे झालेले नाही. मग वाद न्यायालयात गेले. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे कृत्रिम श्वासयंत्रावर जगणाऱ्या एका विद्यार्थ्याला दिवसभर परिचारिका लागत असे. शाळामंडळ म्हणाले, हा खर्च आम्हाला झेपणारा नाही. मार्च १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की डॉक्टरवाचून होणारी ही सेवा शाळेने पुरविलीच पाहिजे. निर्णय न्याय्य होता, परंतु पैसे कोठून आणायचे हे न्यायालय सांगत नसते. पुढे २०१९ साली लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी जानेवारीत सहा दिवस आणि शिकागोच्या शिक्षकांनी ऑक्टोबरमध्ये शाळेचे अकरा दिवस संप केला. दोन्ही ठिकाणच्या मागण्यांत प्रत्येक शाळेला परिचारिका ही मागणी होती आणि दोन्ही करारांत ती मान्य झाली. ज्या देशात १९०२ साली महापालिकेने ३०,००० डॉलर मंजूर केले, तेथे ११७ वर्षांनी त्याच कलमासाठी वर्ग बंद ठेवावे लागले. एकदा मंजूर झालेले कलम कायमचे मंजूर राहत नाही, एवढे यातून दिसते.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेच्या प्राथमिक विभागासाठी आरोग्यनिधी उभारण्याचे योजिले आहे, असे मला कार्यवाहांनी सांगितले. वार्षिक तपासणी शिबिर भरवावे की अर्धवेळ परिचारिका नेमावी, यावर मतभेद असल्याचेही कळले. शिबिराला छायाचित्र असते, फलक असतो, प्रमुख पाहुणे असतात. परिचारिकेला यांपैकी काही नसते, हे मी जाणतो. माझे मत मागाल तर मी परिचारिकेच्या बाजूने आहे. तपासणीचे काम सरकारी पथक वर्षातून एकदा करतेच; त्यातून निघालेल्या चिठ्ठ्यांचा पाठपुरावा करणारे कोणी नाही. चष्म्याची चिठ्ठी मिळालेल्या मुलाच्या नाकावर सहा महिन्यांनी चष्मा आहे की नाही, हे पाहणारी व्यक्ती हवी. सही करणारे डॉक्टर आपल्याला पुष्कळ मिळतील.

मात्र ठरावाचा मसुदा मी वाचला, त्यात तीन वर्षांच्या वेतनाची तजवीज आहे. ती माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून होईल. चौथ्या वर्षी वेतन संस्थेच्या अंदाजपत्रकातून निघेल असे विश्वस्त मंडळाने आजच लिहून द्यावे, अशी माझी सूचना आहे. लिलियन वॉल्ड यांनी आपली अट प्रयोग सुरू होण्यापूर्वी घातली होती. मसुद्यातील सहाव्या कलमाखाली त्यासाठी जागा आहे आणि अध्यक्षमहाशय व विश्वस्त दोघेही आज व्यासपीठावर उपस्थित आहेत.