पन्नास फूट दोर आणि तीन दिवसांचा शिधा

डोंगर चढून जाणाऱ्या माणसाचें कौतुक सर्वजण करतात. पण चढण्यापूर्वीं त्यानें जो विचार केलेला असतो, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक पाहतां, हिंवाळ्यांत परक्या पर्वतांत शिरणाऱ्याचें यशापयश बहुतेक वेळां पहिलें पाऊल उचलण्यापूर्वींच ठरलेलें असतें. बरोबर काय घ्यावें, काय टाकावें, कोणास न्यावें, कोणास मागें ठेवावें आणि निघावें केव्हां, हे पांच प्रश्न ज्यानें नीट सोडविले, त्याची अर्धी वाट बसल्या जागींच सरली असें समजावें. या पांचही प्रश्नांचीं उत्तरें जेथें स्पष्टपणें वाचावयास मिळतात, असा एक प्रवास इ. स. १९१६ च्या मे महिन्यांत दक्षिण जॉर्जिया नांवाच्या बेटावर झाला. तो करणारे तिघेच होते. परंतु त्या तिघांच्या पावलांवर आणखी पंचवीस माणसांचे प्राण अवलंबून होते.

दक्षिण जॉर्जिया हें बेट दक्षिण अटलांटिक महासागरांत, चौपन्नाव्या अक्षांशाजवळ आहे. लांबी शंभर मैलांहून थोडी अधिक, आणि रुंदी त्या मानानें फारच थोडी. इ. स. १७७५ मध्यें कॅप्टन कुक तेथें उतरला व त्यानें इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचें नांव बेटाला दिलें. बेटाच्या मध्यांतून हिमाच्छादित पर्वतांचा कणा गेलेला आहे. त्यांतील पॅजेट हें शिखर साडेनऊ हजार फुटांहून उंच आहे. दोन्हीं अंगांना हिमनद्या समुद्रापर्यंत उतरतात. १९०४ पासून देवमाशांची शिकार करणाऱ्या नॉर्वेजियन लोकांनीं तेथें ठाणीं वसविलीं, पण तीं सर्व ईशान्येच्या, वाऱ्यापासून आडोशाच्या किनाऱ्यावर. नैर्ऋत्येचा किनारा ओसाड, आणि मधल्या पर्वतांत कोणी शिरलेंच नव्हतें. नकाशांत किनाऱ्याची रेषा होती, आंतला भाग कोरा होता.

याच ओसाड किनाऱ्यावर, किंग हाकोन नांवाच्या उपसागरांत, १० मे १९१६ रोजीं एक लहानशी नाव येऊन लागली. तींतून सहा माणसें उतरलीं. त्यांचा नायक सर अर्नेस्ट शॅकल्टन. दक्षिण ध्रुवखंड या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ओलांडण्याच्या हेतूनें तो १९१४ च्या डिसेंबरांत याच बेटावरून ‘एन्ड्युरन्स’ जहाज घेऊन निघाला होता. जानेवारी १९१५ मध्यें जहाज बर्फांत अडकलें, ऑक्टोबरांत चिरडलें गेलें आणि नोव्हेंबरांत बुडालें. अठ्ठावीस माणसें कित्येक महिने वाहत्या बर्फावर राहिलीं व शेवटीं होड्यांतून एलिफंट नांवाच्या निर्जन बेटावर पोहोंचलीं. त्या बाजूस जहाजें फिरकत नसत. म्हणून बावीस जणांना तेथें ठेवून शॅकल्टन पांच सोबत्यांसह २४ एप्रिल रोजीं ‘जेम्स केअर्ड’ नांवाच्या साडेबावीस फुटी होडींतून निघाला, आणि सुमारें आठशें सागरी मैलांचा खवळलेला समुद्र ओलांडून दक्षिण जॉर्जियाला लागला. परंतु लागला तो उलट्या बाजूस. माणसांची वस्ती पर्वतापलीकडे होती.

आतां करावें काय? होडीनें बेटाला वळसा घालणें हा एक मार्ग होता. पण वळसा शंभर मैलांहून अधिक, होडी खिळखिळी झालेली, आणि सहांपैकीं दोघे, सुतार मॅकनिश व खलाशी व्हिन्सेंट, इतके खचले होते कीं त्यांना पुन्हां समुद्रांत नेणें म्हणजे त्यांचा जीव घेणें होतें. दुसरा मार्ग पर्वत ओलांडण्याचा. अंतर सुमारें तीस मैल. पण रस्ता नाहीं, नकाशा नाहीं, आणि ऋतु प्रतिकूल. आपल्याकडे मे महिना म्हणजे वैशाखवणवा. भूगोलाच्या त्या अर्धांत तें हिंवाळ्याचें तोंड असतें. दिवस जेमतेम आठ तासांचा उरला होता. वसंताची वाट पाहणें एरवीं शहाणपणाचें ठरलें असतें. पण एलिफंट बेटावर बावीस जण उपड्या होड्यांखालीं दिवस मोजीत होते. शॅकल्टननें पर्वत निवडला.

प्रथम प्रश्न आला माणसांचा. आजारी दोघांना एकटें सोडतां येत नव्हतें, म्हणून धडधाकट मॅकार्थीला त्यांच्या शुश्रूषेसाठीं ठेवणें भाग पडलें. उरले तिघे: स्वतः शॅकल्टन, जहाजाचा कप्तान फ्रँक वर्स्ले, ज्याच्या दिशाज्ञानानें होडी अचूक बेटाला लागली होती, आणि आयर्लंडचा टॉम क्रीन, पूर्वीं स्कॉटबरोबर दोनदां ध्रुवखंडांत जाऊन आलेला. मागें राहणाऱ्यांचीहि तजवीज लावली गेली. १८ मे रोजीं शॅकल्टननें मॅकनिशच्या रोजनिशींतच आपला हुकूम लिहून ठेवला: छावणीचा मुख्य मॅकनिश; जवळ एक दुनळी बंदूक, पन्नास काडतुसें व उरलेला शिधा; आणि आपण परत न आल्यास हिंवाळा संपल्यावर होडीनें पूर्व किनारा गांठण्याचा प्रयत्न करावा. आपण मरूं ही शक्यता नायकानें विचारांत घेतली होती, आणि आपल्या मरणानें इतरांची वाट बंद होऊं नये याची सोय केली होती.

नंतर आला सामानाचा प्रश्न. प्रथम बेत असा होता कीं झोंपण्याच्या पिशव्या, अन्न व भांडीं एका लहान घसरगाडीवर लादून ओढीत न्यावीं. मॅकनिशनें किनाऱ्यावर वाहून आलेल्या लांकडांची तशी गाडी तयारहि केली. तिघांनीं ती ओढून पाहिली, आणि चढउतारांच्या बर्फांतून ती नेणें अशक्य आहे हें ध्यानांत येतांच बेत मुळांतूनच बदलला. गाडी गेली, तिच्याबरोबर झोंपण्याच्या पिशव्याहि गेल्या. झोंपावयाचेंच नाहीं असें ठरलें. रात्रंदिवस चालावयाचें, म्हणजे बिछाना नको, तंबू नको, आणि ओझेंहि नको. हा निर्णय धाडसाचा खरा, पण त्याच्या मागें हिशेब होता: ओझें वाढलें कीं वेळ वाढतो, वेळ वाढला कीं अन्न अधिक लागतें, आणि अन्न वाढलें कीं पुन्हां ओझें वाढतें. हें चक्र तोडावयाचें तर एका टोंकास धैर्यानें कात्री लावावी लागते.

घेतलें काय, तें मोजकेंच. तीन दिवसांचा शिधा, प्रत्येकाच्या वांट्याचा मोज्यांत भरून; सहा वेळां अन्न गरम होईल इतकें तेल भरलेला प्रायमस स्टोव्ह आणि एक लहान भांडें; अठ्ठेचाळीस काड्या; होकायंत्रें, दुर्बीण, पन्नास फूट दोर, आणि बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडीऐवजीं मॅकनिशचा सुतारकामाचा वाकस. बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाले होते. म्हणून मॅकनिशनें होडीच्या लांकडांतले स्क्रू काढून प्रत्येक बुटाच्या तळांत आठ आठ बसविले. समुद्र ओलांडून आणणाऱ्या नावेचे स्क्रू अशा रीतीनें पर्वत ओलांडावयास निघाले.

शेवटचा प्रश्न मुहूर्ताचा. येथें पंचांगापेक्षां आकाश पाहणें महत्त्वाचें होतें. आठ तासांच्या दिवसांत तीस मैल ओलांडणें शक्य नव्हतें, म्हणून रात्रीं चालणें भाग, आणि रात्रीं चालावयाचें तर चांदणें हवें. १७ मे रोजीं पौर्णिमा होती, पण त्या वेळीं हिमवादळ चाललें होतें. तें निवळण्याची वाट पाहिली गेली. १९ मेच्या पहाटे तीनच्या सुमारास आकाश स्वच्छ झालें, चंद्र पर्वतावर लख्ख दिसूं लागला, आणि तिघे निघाले; पुढें त्यांनीं एकमेकांस दोरानें बांधून घेतलें. पुढें शॅकल्टन बर्फ तुडवीत चाले. मागून वर्स्ले होकायंत्र पाहून डावें उजवें सांगे.

बेत कितीहि चोख असला तरी कोरा नकाशा फसवितोच. पहाटेच्या अंधुक प्रकाशांत खालीं एक गोठलेलें सरोवर दिसलें. तिघे तिकडे उतरूं लागले, आणि उजाडल्यावर कळलें कीं तो समुद्राचा फांटा आहे, त्याच्या कांठानें वाट नाहीं. पुन्हां चढ. पुढें एक सुळक्यांची रांग आडवी आली. तींत खिंडी दिसत होत्या. पहिल्या खिंडींत वाकसानें पायऱ्या खोदीत चढले तर पलीकडे तुटलेला कडा. दुसरी तशीच, तिसरीहि तशीच. चवथ्या खिंडीच्या माथ्यावर पोहोंचेपर्यंत दिवस मावळूं लागला होता, आणि मागल्या दरींतून धुकें वर चढत होतें. उंची चार हजार फुटांहून अधिक. तंबू नाहीं, पांघरूण नाहीं. तेथें रात्र काढणें म्हणजे गोठून मरणें. पुढला उतार अंधारांत कोठें जातो तें दिसत नव्हतें. पायऱ्या खोदीत उतरावें तर वेळ पुरणार नाहीं. तेव्हां शॅकल्टननें दोराचीं तीन वेटोळीं करविलीं, तिघे त्यांवर एकामागें एक, एकमेकांना घट्ट धरून बसले, आणि उतारावरून सरळ घसरले. दोनतीन मिनिटांत ते शेंकडों फूट खालीं मऊ बर्फांत येऊन थांबले. उठून त्यांनीं गंभीरपणें एकमेकांशीं हस्तांदोलन केलें.

बेतांत मोजलेलें नव्हतें असें हें एकच पाऊल. पण तें उतावीळपणाचें नव्हतें. थांबण्यांत मरण निश्चित होतें आणि जाण्यांत संभवनीय, म्हणून जाणें पत्करलें.

रात्रभर चांदण्यांत चाल सुरूच राहिली. एकदां वाट चुकून ते भेगांनीं भरलेल्या एका हिमनदीवर उतरले; स्ट्रॉमनेसच्या उपसागरांत हिमनदी नाहीं हें आठवलें, आणि पाय दुखत असतांना पुन्हां वर चढावें लागलें. २० मेच्या पहाटे पांचला ते एका खडकाच्या आडोशास क्षणभर टेकले. वर्स्ले आणि क्रीन तत्काळ झोंपले. तिघेहि झोंपले तर कोणीच उठणार नाहीं हें जाणून शॅकल्टन एकटा जागा राहिला. पांच मिनिटांनीं त्यानें दोघांना हलविलें आणि अर्धा तास झोंप झाल्याचें सांगितलें. त्या असत्यानें दोन माणसें ताजीतवानीं होऊन चालूं लागलीं.

साडेसहाच्या सुमारास शॅकल्टनला दुरून भोंग्याचा भास झाला. देवमाशांच्या कारखान्यांत कामगारांना उठविण्याची ती वेळ होती; सात वाजतां कामावर बोलावणारा दुसरा भोंगा व्हावयास हवा होता. तिघे घड्याळाकडे डोळे लावून उभे राहिले. बरोबर सातला भोंगा वाजला. मुंबईच्या गिरणगांवांत पहाटेच्या भोंग्यानें कित्येक पिढ्यांची झोंप मोडली, आणि त्याला शिव्याशापच अधिक मिळाले असतील. पण त्या तिघांच्या कानीं, १९१४ च्या डिसेंबरानंतर, बाहेरच्या जगांतून आलेला तो पहिला मानवी आवाज होता.

अजून एक गोठलेला उतार, एक उपसागर आणि एक डोंगर उरला होता. दुपारीं दीडच्या सुमारास शेवटच्या माथ्यावरून कारखाना व जहाजें दिसलीं. उतरतांना ओढ्यानें त्यांना सुमारें तीस फूट उंचीच्या धबधब्याच्या तोंडाशीं आणलें. वाकस व भांडें खालीं फेंकून ते तिघे दोरावरून थंडगार पाण्यांतून उतरले; दोर वरच राहिला. पन्नास फुटांनीं आपलें काम केलें होतें. दुपारीं चारच्या सुमारास, निघाल्यापासून सुमारें छत्तीस तासांनीं, काळवंडलेले, जटा वाढलेले तीन पुरुष स्ट्रॉमनेसच्या ठाण्यांत शिरले. समोर आलेलीं दोन मुलें त्यांना पाहून पळालीं. ठाण्याचा प्रमुख सॉर्ले शॅकल्टनला पूर्वीं भेटलेला होता. त्यानेंहि ओळखलें नाहीं. शॅकल्टननें विचारलें, युद्ध केव्हां संपलें? युद्ध अजून चालूच आहे, असें उत्तर मिळालें.

त्याच रात्रीं वारा उठला आणि हिमवादळ सुरू झालें. मुहूर्त एक दिवस जरी चुकला असता, किंवा बिछान्याच्या ओझ्यानें वेग मंदावला असता, तरी तिघेहि पर्वतांतच राहिले असते. वर्स्ले त्याच रात्रीं शिकारी जहाजावर चढला व पलीकडच्या किनाऱ्यावरील तिघांना घेऊन आला. एलिफंट बेटाकडे जाण्याचे तीन प्रयत्न बर्फामुळें फसले. चवथ्यांत, ३० ऑगस्ट १९१६ रोजीं, चिली देशाच्या ‘येल्चो’ या लहान जहाजानें, कप्तान लुइस पार्दोच्या हातून, बावीसहि जण जिवंत सुटले.

या कथेंत शॅकल्टनचें नांव सर्वतोमुखीं झालें आणि तें योग्यच आहे. परंतु जो वाकस पायऱ्या खोदीत गेला तो मॅकनिशचा, आणि बुटांना ज्यानें पकड दिली तोहि मॅकनिशच. बर्फावर असतांना त्यानें एकदां नायकाशीं वाद घातला होता. पुढें ध्रुवपदक ज्या चौघांना नाकारलें गेलें त्यांत तो होता. १९३० मध्यें तो न्यूझीलंडमध्यें वारला. मॅकार्थी तर १९१७ मध्येंच समुद्रावरील युद्धांत कामास आला. शॅकल्टनहि १९२२ च्या जानेवारींत याच बेटावर वारला, आणि तेथेंच त्याची समाधि आहे. समुद्रतळाशीं गेलेली ‘एन्ड्युरन्स’ २०२२ मध्यें सुमारें तीन हजार मीटर खोलीवर सांपडली.

पुढें १९६४-६५ सालीं ब्रिटिश सैनिकांच्या एका तुकडीनें तीच वाट पुन्हां तुडविली; त्यांच्याजवळ तंबू, साधनें आणि नकाशे होते. २००० सालीं मेस्नर, अँकर व व्हेनेबल्स हे नामांकित गिर्यारोहक तिकडून गेले. आतां कित्येक प्रवासी तो मार्ग चालून पाहतात. हिमनद्या मागें हटल्यामुळें मात्र शॅकल्टननें पाहिलेला पर्वत त्यांना जसाच्या तसा दिसत नाहीं.

हिंवाळ्यांत डोंगरांत जाणाऱ्याजवळ आज साधनांची वाण नाहीं. उणीव पडलीच तर ती त्या पांच प्रश्नांच्या उत्तरांची पडते. आणि बाजारांत मिळत नाहीं अशी शिदोरी तीच एक आहे. कोरा नकाशा पुढें असलेल्या त्या तिघांनीं निघण्यापूर्वीं ती शिदोरी बांधली होती, म्हणूनच अठ्ठावीस माणसें घरीं परतलीं.