पुस्तकी किडा

पुस्तकी किडा : अभ्यासात किंवा एखाद्याच विषयात बुडालेल्या मुलाला लावले जाणारे विशेषण. मुंबई-ठाणे पट्ट्यातील पर्याय घासू, स्कॉलर, ढापण्या. पवईच्या आयआयटीत मग्गू. अलीकडे नर्ड. घासू आणि नर्ड एकच मानावेत का, याविषयी एकमत नाही.

पूर्वपीठिका : ‘दासबोधा’तील पढतमूर्ख (दशक २, समास १०) याचा पूर्वज म्हटला जातो, तेथे दोष वाचनाचा नसून आचरण नसण्याचा आहे. मुंबई विद्यापीठ (१८५७) स्थापन झाल्यावर मॅट्रिक ही घर वर काढण्याची वाट ठरली आणि अभ्यासू मुलाला मान मिळू लागला. १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

वाङ्मयात : पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तील (साहित्य अकादमी पुरस्कार, १९६५) सखाराम गटणे हा मराठीतील सर्वांत ठसठशीत नमुना. तो बोलतोसुद्धा छापील मराठीत. त्याची थट्टा आहे, पण मायेने केलेली. कथाकथनामुळे पुस्तक न वाचलेल्यांनाही गटणे ठाऊक झाला आणि वाचणाऱ्या कोणत्याही मुलाला ते नाव चिकटू लागले.

मानपाडा परिसर : हे नाव ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आणि डोंबिवली पूर्वेला, अशा दोन्हीकडे आहे. डोंबिवलीच्या नोकरदार वस्तीत दहावीच्या (पहिली परीक्षा १९७५) गुणवत्ता यादीने घासूला प्रतिष्ठा दिली. ‘बोर्डात आलेल्या’ मुलाला आई पेढा भरवत असल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येई, त्याच्या वह्या झेरॉक्ससाठी इमारतभर फिरत. मैदानात मात्र तो लिंबूटिंबूच. पुढे मंडळाने यादी बंद केली. दरम्यान संगणकक्षेत्रातील नोकऱ्यांनी घासूचा भाव वधारला. ठाण्यातल्या मानपाड्याशेजारच्या पातलीपाड्यात टाटा कन्सल्टन्सीचे मोठे कार्यालय उभे राहिले. चिडवण्याचा शब्द लग्नाच्या बैठकीत जमेची बाजू झाला.

आजचा अर्थ : गुणांपेक्षा ध्यास महत्त्वाचा. कल्याण शेडचे डब्ल्यूसीएएम-३ इंजिन एसी आणि डीसी अशा दोन्ही प्रवाहांवर चालत असे, मध्य रेल्वेचे मुंबई उपनगरी मार्ग २०१६ मध्ये पूर्णपणे एसीवर गेले, हे सनावळीसकट सांगणारा मुलगा गणितात काठावर पास असला तरी स्वतःला अभिमानाने नर्ड म्हणवतो. हा बदल स्वागतार्ह आहे. जुन्या घासूला आवड जोपासायला सवडच मिळत नसे.

चित्रपट : ‘थ्री इडियट्स’ (२००९) : घोकणारा चतुर, शोधणारा रँचो.

ग्रंथालये : ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) हा या मंडळींचा जुना अड्डा. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदानप्रदान उपक्रमात वाचलेले पुस्तक देऊन दुसरे नेता येते.