सरड्याचा रंग आणि सरड्याची जाति

ज्याचें मत दर आठवड्यास पालटतें, अशा माणसाला 'सरड्यासारखा रंग बदलणारा' म्हणण्याची आपल्या भाषेंतील रीत जुनी आहे. ह्या वाक्प्रचारानें माणसाची पारख कितपत बरोबर होते हा प्रश्न मी आज घेत नाहीं. परंतु सरड्यावर मात्र त्यानें दुहेरी अन्याय केला आहे. पहिला असा कीं, दोन अगदीं निराळे प्राणी त्यानें एका नांवाखालीं गोवले. दुसरा असा कीं, ज्या गुणावरून सरडा ओळखावा असें आपणांस वाटतें, तोच गुण त्याची जाति ठरविण्याच्या कामीं अत्यंत बेभरंवशाचा आहे. प्राणिशास्त्राला ही गोष्ट उमगण्यास फार काळ लागला. परदेशी सरडे घरांत पाळण्याची हौस शहरांतून वाढूं लागल्यापासून तर ती केवळ ग्रंथांतली गोष्ट राहिलेली नाहीं.

कुंपणावर बसून मान हालविणारा, चाहूल लागतांच तुरुतुरु पळणारा तो आपला नेहमींचा बागेंतला सरडा. विणीच्या दिवसांत त्याच्या नराचा गळा लालभडक होतो, म्हणून इंग्रज लोक त्याला 'रक्त शोषणारा' म्हणत. वास्तविक तो बिचारा किडेमुंग्या खाऊन राहतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ह्याचीच. परंतु रंग पालटण्याबद्दल ज्याची जगभर ख्याति आहे तो प्राणी निराळ्या कुळांतला आहे. आपल्याकडे त्याला घोयरा म्हणतात. घोयरा पळत नाहीं. वाऱ्यानें डुलणाऱ्या पानासारखा झुलत झुलत एकेक पाऊल टाकतो. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. पायाचीं बोटें चिमट्यासारखीं विभागलेलीं असतात : पुढल्या पायाचीं तीन आंत व दोन बाहेर, आणि मागल्या पायाचीं ह्याच्या उलट. जीभ अंगाच्या लांबीहून लांब जाते. शेपटी फांदीभोंवतीं वेटोळें घालते. ह्यांतील एकही खूण रंगाची नाहीं हें लक्षांत ठेवावें.

घोयऱ्याचें वर्णन युरोपांत ॲरिस्टॉटलपासून सांपडतें. पुढें हा प्राणी केवळ हवा खाऊन जगतो अशी समजूत पसरली आणि ती कित्येक शतकें टिकली. सन १७५८ मध्यें लिनिअसनें भूमध्य समुद्राकांठच्या घोयऱ्याला शास्त्रीय नांव दिलें. दहा वर्षांनीं, १७६८ सालीं, व्हिएन्ना येथील लॉरेंटी ह्याच्या ग्रंथांत आपल्याकडील घोयऱ्याला 'झेलॅनिकस', म्हणजे सिंहलद्वीपाचा, असें नांव मिळालें. वास्तविक त्याचा मुलूख सिंहलद्वीपापुरता नसून गंगेच्या दक्षिणेकडील बहुतेक द्वीपकल्पाचा आहे. मेर्रेम ह्या जर्मन पंडितानें १८२० मध्यें 'कॅल्कॅरॅटस', म्हणजे टांचेवर काटा असलेला, असें दुसरें नांव सुचविलें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या देशांतील सरपटणाऱ्या प्राण्यांवर लिहिणारे जर्डन व गुंथर ह्यांच्यासारखे जाणते ग्रंथकार आमच्या घोयऱ्याला 'व्हल्गॅरिस', म्हणजे भूमध्य समुद्राकडील सामान्य घोयराच, समजत होते. हिरवा, पिवळट, तपकिरी, ठिपक्यांचा नि पट्ट्यांचा : तिकडचाही असा आणि इकडचाही असा. मग दोन जाति कशाला मानाव्या ?

बूलेंजरनें १८९० मध्यें आपल्याकडील घोयरा पुन्हा स्वतंत्र मानिला आणि त्याला मेर्रेमचें नांव दिलें. शेवटीं माल्कम स्मिथनें १९३५ सालच्या ग्रंथांत लॉरेंटीचें मूळ नांव पुनः स्थापिलें. तेंच आज चालतें. तात्पर्य, ह्या एका प्राण्याचें नांव निश्चित होण्यास सुमारें पावणेदोनशें वर्षें लागलीं. आणि वाद मिटला तो रंगानें नव्हे. डोक्यावरील हाडाचा उंचवटा, गळ्याखालच्या व पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा, नराच्या टांचेवरील काटा आणि प्राणी मिळाल्याचें ठिकाण ह्या खुणांनीं तो मिटला. स्पिरिटच्या बाटलींत ठेवलेल्या घोयऱ्याचा रंग तर थोड्याच दिवसांत उडून जातो. संग्रहालयांतील विद्वानाला रंग पाहण्याची सोयच नव्हती, आणि एका अर्थीं तें बरेंच झालें.

ठिकाणाची खूण मात्र वाटते तितकी सोपी नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील कामठा ह्या जुन्या जमीनदारीच्या गांवाचेंच उदाहरण घेऊं. तलावांचा नि भातशेतीचा हा मुलूख. जिल्ह्याच्या दक्षिण भागांत नागझिरा आणि नवेगांव येथील रानें. येथें पकडलेला घोयरा कोणी बाटलींत ठेवला असें समजा. सन १८५० मध्यें चिठ्ठीवर 'नागपूरचें राज्य' असें लिहिलें गेलें असतें. १८६१ नंतर 'मध्यप्रांत', १९५० मध्यें 'मध्यप्रदेश', १९५६ च्या नोव्हेंबरानंतर 'मुंबई राज्य', आणि १ मे १९६० पासून 'महाराष्ट्र'. जिल्हा म्हणाल तर १ मे १९९९ पर्यंत भंडारा, त्यानंतर गोंदिया. घोयरा आपल्या फांदीवरच राहिला. चिठ्ठी मात्र पांच वेळां पालटली. त्यांत आणखी एक धोका. नागपूरजवळ कामठी नांवाची जुनी लष्करी छावणी आहे. कामठा आणि कामठी ह्यांत एका स्वराचा भेद. परंतु भूमीवर तें अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. घाईनें लिहिणाऱ्या लेखनिकाच्या हातून तो स्वर चुकला, तर प्राण्याचें गांवच बदललें. म्हणूनच प्राणिसंग्राहकाच्या वहींत गांव, जिल्हा व तारीख ह्या तीन गोष्टींचें मोल रंगाच्या पानभर वर्णनाहून अधिक असतें.

आतां आपल्या दिवाणखान्यांतील घोयऱ्याकडे वळूं. पाळण्यासाठीं जगांत सर्वांत जास्त प्रसार पावलेल्या घोयऱ्यांपैकीं एक मूळचा येमेन व त्याला लागून असलेल्या सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतला आहे. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असल्यामुळें १८५१ मध्यें द्युमेरिल पितापुत्रांनीं त्याला 'कॅलिप्ट्रॅटस', म्हणजे अवगुंठित, हें नांव दिलें. त्याच्या दोन उपजाति सांगतात. येमेनच्या डोंगराळ भागांतील मूळ उपजातीच्या नराचा तुरा फार उंच असतो. उत्तरेकडील 'कॅल्कॅरिफर' नांवाच्या उपजातीचा तुरा त्या मानानें ठेंगणा. ही दुसरी उपजाति म्हणजे शेजारच्या अरबी घोयऱ्याशीं झालेला संकर असावा असेंही मत मांडलें गेलें आहे. तेव्हां ज्या उपजातीच्या अस्तित्वाविषयींच पंडितांचें एकमत नाहीं, ती पिंजऱ्यांतील जनावराच्या पिवळ्या पट्ट्यावरून ओळखूं पाहणें हें धाडसच होय. त्यांतून पिंजऱ्यांत वाढलेल्या घोयऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या एकमेकांत मिसळलेल्या असतात. पूर्वज कोणत्या डोंगरांतला हें विक्रेत्यालाही ठाऊक नसतें. तुरा ठेंगणा दिसला तर तें पिल्लूं असेल, मादी असेल किंवा खाण्यापिण्याच्या आबाळीनें खुरटलेलाही असेल.

रंगाची हकीगत ह्याहून चमत्कारिक आहे. १८५० च्या सुमारास व्हिएन्नाच्या ब्रूके ह्या शरीरशास्त्रज्ञानें घोयऱ्याच्या कातडीचा अभ्यास करून, हा रंगबदल कातडींतील पेशींचा खेळ आहे असें दाखविलें. २०१५ मध्यें जिनीव्हा येथील संशोधकांनीं मादागास्करच्या घोयऱ्यावर पुढचा उलगडा केला. कातडींत ग्वानीन नांवाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असतां ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत फेंकतात. वरच्या पिवळ्या रंगद्रव्यांतून तो आपणांस हिरवा दिसतो. प्राणी खवळला कीं स्फटिक दूर सरतात, आणि हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी होतो. थंडींत घोयरा काळवंडतो, कारण काळें अंग ऊन लौकर शोषतें. रात्रीं झोंपेंत तो फिका पडतो. येमेनी घोयऱ्याची गाभण मादी गडद होऊन तिच्या अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटतात. नरानें दूर राहावें अशी ती सूचनाच असते. दोन नर समोरासमोर आले असतां ज्याचे पट्टे अधिक उजळतात तो पुढें सरसावतो, आणि ज्याचें डोकें अधिक लवकर व अधिक तेजानें उजळतें तो बहुधा जिंकतो, असें अमेरिकेंतील ॲरिझोना येथील निरीक्षणांत २०१३ मध्यें दिसून आलें. म्हणजे रंग ही घोयऱ्याची भाषा आहे. तें त्याचें आडनांव नव्हे.

येथें एक अपवाद प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. मादागास्करच्या ह्याच घोयऱ्याचे नर किनाऱ्याच्या प्रत्येक भागांत निराळ्या रंगाचे दिसतात : कोठें निळे, कोठें हिरवे, कोठें तांबडे. २०१५ सालींच त्यांच्या रक्तांतील आनुवंशिक द्रव्य तपासतां असें आढळलें कीं, हे रंगभेद पोकळ नसून त्यांच्यामागें अकरा निरनिराळ्या जाति मानण्याजोगे वंशभेद आहेत. पण हा निर्णय कसा झाला ? प्रत्येक प्राणी कोणत्या ठिकाणचा हें आधीं ठाऊक होतें, आणि रंगाची साक्ष रक्ताच्या साक्षीशीं ताडून पाहिली गेली. माद्या तर सर्वत्र जवळजवळ सारख्याच. त्यांच्या बाबतींत रंग मुकाच राहिला. रंग साक्षीदार असूं शकतो. परंतु एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल देतां येत नाहीं.

श्रोतेहो, नांवाची चूक झाली तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं येतो. त्याला पकडणें, विकणें वा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. परदेशी घोयरे बाळगणाऱ्यांना २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम ह्यांनुसार सरकारदरबारीं नोंद करावी लागते, आणि त्या नोंदींत जातीचें नांव लिहावें लागतें. रानांतून धरलेला घोयरा 'परदेशी' म्हणून विकला गेला, तर त्याला वांचविणारा कायदा एका खोट्या चिठ्ठीनें लुळा पडतो. उलट पक्षीं, कंटाळलेल्या मालकानें येमेनी घोयरा रानांत सोडला तर काय होतें हें हवाई बेटांनीं पाहिलें आहे. तेथील माउई बेटावर २००२ मध्यें तो मोकळा वावरतांना आढळला आणि स्थानिक पक्षी व कीटक ह्यांच्या काळजीनें तेथील अधिकाऱ्यांना त्याच्यामागें धांवावें लागलें.

तेव्हां कोणाच्या घरीं पिंजऱ्यांत घोयरा दिसला तर त्याचा रंग अवश्य पाहावा. तो सुंदरच असतो. पण जाति विचारावयाची झाल्यास तुरा पाहावा, टांच पाहावी, आणि सर्वांआधीं हा आला कोठून तें विचारावें. उत्तर आलें नाहीं, तर उपजातीचें नांव न लिहितां ती जागा कोरी सोडावी. चुकीच्या नांवापेक्षां कोरी जागा पुढच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.