आकडा आणि कान

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा 'सीडीपी-१०१' विक्रीस आला. त्यात १६ बिटचा रूपांतरक होता. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये मात्र १४ बिटचा. आकड्यांवरून निकाल उघड वाटावा. परंतु फिलिप्सने सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा वेग चौपट केला, खरखरीचा बराचसा भाग श्राव्य मर्यादेपलीकडे ढकलला आणि १६ बिटची बरोबरी साधली.

म्हणजे आकडा पुरेसा नाही. मग कानावर विसंबावे काय? महागड्या प्लेअरांची तुलना करताना आवाजाच्या पातळीत अर्ध्या डेसिबलएवढा फरक असला, तरी किंचित मोठा आवाज आपल्याला अधिक सुस्पष्ट भासतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की पातळी मोजून समान करावी, यंत्रे पडद्याआड ठेवावीत आणि मगच ऐकावे. एरवी ती तुलना ध्वनीची न राहता किमतीची होते.